काळू गांगुर्डेचा बॉयकॉट

२ मे १९८०
आजपासून रोज लिहायचं. येत्या अकरा तारखेला कॉलनीच्या वाचनालयात माझं व्याख्यान. विषय मीच निवडला: ‘बॉयकॉट: एका इंग्रजी शब्दाचा प्रवास’. ऑफिसातल्या जाड पुस्तकांतून टिपणं काढतोय. साहेब रजेवर आहेत आणि फायली काही पळून जात नाहीत. हा शब्द मुळात एका माणसाचं आडनाव होतं, हे आख्ख्या नाशकात मला एकट्यालाच माहीत असावं.

११ मे, संध्याकाळी
व्याख्यान झालं. श्रोते एकवीस, शेवटपर्यंत नऊ. सुरुवात आयर्लंडपासून केली. शंभर वर्षांपूर्वी तिथे कॅप्टन बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी होता. जमिनीचा खंड कमी करेना म्हणून कुळं बिथरली. कोणी त्याचं पीक काढेना, दुकानदार सामान देईना. पेपरवाल्यांनी त्याच्या नावाचं क्रियापदच करून टाकलं. पुढे आपल्याकडे विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या तेव्हा हाच शब्द, आणि आता मॉस्कोच्या ऑलिंपिकला हाच.

इथे काळू गांगुर्डे उठला. माझा शेजारी. द्वारका चौकात ट्रकचे ब्रेक दुरुस्त करतो, शिक्षण सातवी. त्याने विचारलं, हा बॉयकॉट म्हणजे क्रिकेटमधला तो लवकर आऊट न होणाराच ना. सगळे हसले. मी त्याला अडाणी म्हणालो. त्याने माझा बाप काढला. मी त्याच्या कानाखाली वाजवणारच होतो, पण त्याने आधी वाजवली. चष्म्याची एक काच गेली. नैतिक विजय माझाच.

१२ मे
निश्चय: काळूचा बॉयकॉट. थिअरी झाली, आता प्रॅक्टिकल. अट एकच, मारामारी करायची नाही. या शब्दाची सगळी ताकद त्यातच आहे. वाण्याला सांगितलं, काळूला माल देऊ नको. तो बरं म्हणाला आणि काळूच्या बायकोला तेल मोजून दिलं.

१४ मे
केरूच्या सलूनमध्ये काळूची दाढी चालली होती. मी केरूला तत्त्व समजावून सांगितलं. काळू अर्ध्या दाढीनिशी उठला. माझ्या पाठीत चार गुद्दे, केरूचा आरसा फुटला. मी अजिबात प्रतिकार केला नाही. माझे हात कोणीतरी मागे धरून ठेवले होते, हे खरं, पण तो मुद्दा वेगळा. केरूने मला पुन्हा दुकानात पाय ठेवू नका म्हणून सांगितलं. त्याला शब्दाचा अर्थ कळला, माणूस तेवढा चुकला.

१७ मे
नळ! कॉलनीत नळ एकच, पाणी सकाळी दीड तास. नंबरांची वही सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे. काळूच्या घराचा नंबर खोडला. हे आधीच सुचायला हवं होतं. कोणाच्या अंगाला हात लावायला नको.

१८ मे
काळूची बायको पुतळाबाई तरीही रांगेत आली. वहीत तुमचं नाव नाही, असं मी शांतपणे सांगितलं. ती हटेना. तिने हंडा भरला. मी तो पायाने बाजूला सारला. लाथ मारली असं बायका म्हणतात, ती अतिशयोक्ती आहे. सगळं पाणी चिखलात गेलं. मग तिने तोच हंडा माझ्या डोक्यात घातला. चार टाके पडले. मला सोडवायचं सोडून बायका तिला दुसरा हंडा पुढे करत होत्या.

आई रांगेतच होती. ती ओरडली नाही. रक्ताला फडकं लावता लावता म्हणाली, “चांदवडकडं, आपल्या गावी, माझा हंडा असाच उडवला व्हता. तू पोटात व्हतास. तुझ्या बापानं मेलेलं ढोर वढायचं सोडलं, म्हणून गावानं आपलं पाणी तोडलं.” फडकं पिळून म्हणाली, “तुझ्या भाषणात हे नव्हतं रं.”

मी तिला सांगितलं की त्याला बॉयकॉट म्हणत नाहीत, ते वाळीत टाकणं, त्याचा इतिहास निराळा. हे बोलायला नको होतं. फार लाज वाटली. डोक्याला मार बसल्यावर माणूस हळवा होतो म्हणतात.

१९ मे
आई काळूकडे राहायला गेली. माझी बायको चांगुणा म्हणाली, येतील दोन दिवसांनी. असं म्हणून ती आईचा डबा घेऊन स्वतःच तिकडे गेली आणि तासभर बसली. माझा हिशेब असा: काळूच्या घरात एक माणूस वाढलं, म्हणजे पाणी जास्त लागणार, म्हणजे तो लवकर वाकणार. ते पाणी आईलाही लागणार, हे दुपारी ध्यानात आलं.

२१ मे
काळूचा नंबर वहीत परत लिहिला. माघार नव्हे, फेरविचार. पण वही बघायला कोणी आलंच नाही. रांग आपोआप लागली. मी सर्वांत शेवटी उभा राहिलो. कोणी ढकललं नाही, कोणी शिवी दिली नाही. काळूसुद्धा शेजारून निघून गेला. त्यापेक्षा गुद्दे बरे होते.

२२ मे, सकाळी
पहाटेच नंबर लावून हंडा भरला आणि स्वतः काळूच्या दारात नेला. तो मारणार म्हणून टाके पडलेली बाजू सांभाळून उभा राहिलो. त्याने हात उचलला नाही. वाट दिली आणि कामावर निघून गेला. आई आत भाकरी खात होती. तिला ठसका लागला. मी घाईने माझ्या हंड्यातून तांब्या भरून पुढे धरला. तिने तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खोकत खोकत पुतळाबाईकडे पाणी मागितलं.

तांब्या धरून बराच वेळ उभा होतो. ऑफिसला उशीर झाला. आज नळाला पाणी जरा गढूळ होतं. त्यामुळेच आईने घेतलं नसेल.