टेलरकाका ‘पुढे’ म्हणतात

बुधवार, ४ फेब्रुवारी

आजही “पुढे”! सहा आठवडे झाले, टेलरकाकांचं दुसरं काही नाहीच.

घरी येऊन आईला माझ्या वर्गातली फेरी समजावून सांगितली. अठरा म्हातारी माणसं, गोलात खुर्च्या. एकाने एक हालचाल द्यायची, बाकीच्यांनी ती जशीच्या तशी परत करायची. काहीही चालतं. पोस्टातल्या आजी शिक्के मारतात. बँकवाले आजोबा आळस देतात, मग आम्ही सगळे मिळून आळस देतो आणि हसून हसून पुरेवाट होते. ज्याला द्यायचं नसेल त्याने “पुढे” म्हणायचं, की पाळी शेजारच्याकडे. आई म्हणाली, “म्हणजे नाच न येणाऱ्यांचा नाच.” हो, तसंच!

पण टेलरकाका नुसते हाताची घडी घालून बसतात. “मुली, मी जन्मभर मशीनसमोर बसलेला माणूस. माझ्याकडे कसली आलीय हालचाल?” पुढच्या बुधवारी माझ्या प्रशिक्षणाच्या मॅडम वर्ग बघायला येणार, चित्रीकरण होणार. त्या नेमकं तिथेच बोट ठेवतील – हा माणूस सहा आठवडे आत येऊन बाहेरच बसलाय, तू काय केलंस? आणि प्रमाणपत्र नाही मिळालं तर एप्रिलपासून हॉल दुसऱ्या कुणाला तरी देणार आहेत. झालं, संपलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज नियम मोडला. थोडासाच.

वर्ग सुटल्यावर काका कठड्याला धरून जिना उतरत होते. दोन मजले, लिफ्ट नाही. मी मागोमाग गेले. मॅडमचा पहिल्या दिवसाचा धडा – “मागायचं नाही. माणूस देईपर्यंत थांबायचं. मागितलंस की तो तुझ्यासाठी देतो, स्वतःसाठी नाही.” वहीत हे दोनदा अधोरेखित करून ठेवलंय मी! आणि तरी म्हणाले, “काका, बुधवारी माझी परीक्षा आहे. एक तरी द्या ना.”

“परीक्षा? या वयात?”

“हो ना! तुम्ही ‘पुढे’ म्हणालात तर मी नापास.”

मी हसत हसत म्हणाले होते. तेही हसले. “बघू,” म्हणाले. मग माझी बाही चिमटीत धरून बघितली. “खांद्यात चुकलीय. कुणी शिवली?” दुकानातून तयार घेतली म्हटल्यावर असं तोंड केलं की विचारू नका.

रविवार, ८ फेब्रुवारी

गुडघा ठणकतोय. आई – “आधी लोक तिकीट काढून तुला नाचताना बघायला यायचे. आता तू म्हाताऱ्यांना बघत बसतेस.” मी गुडघ्याला बाम चोळत बसले.

बुधवार, ११ फेब्रुवारी

दिली!! टेलरकाकांनी हालचाल दिली!

मॅडम कोपऱ्यात वही घेऊन, कॅमेरा स्टँडवर. काका उशिरा आले, धापा टाकत, पण कडक इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांची पाळी आली. त्यांनी उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला. मग दाबत दाबत, सावकाश, दंडावरून कोपरावर, कोपरावरून मनगटावर. मनगट मुठीत धरलं. आणि मग तळहात छातीवर. तिथेच राहिला.

मी ओरडलेच, “घ्या! सगळ्यांनी घ्या!” सगळ्यांनी घेतली. “अजून सावकाश! अजून मोठी!” तीन वेळा करून घेतली, काकांनीही तीन वेळा केली. कपाळावर घाम आला होता बिचाऱ्यांच्या. इतके दिवस लाजले, मग घाम येणारच!

“जमलं का, मुली?”

“शंभरपैकी शंभर!”

पाणी प्यायले आणि हळूहळू जिना उतरून गेले. मॅडम म्हणाल्या, “याला म्हणतात थांबणं. सात आठवडे थांबलीस तू.” मी जिन्यावरचं सांगितलं नाही. कौतुक आयतं मिळालं, घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्टेजची आठवण आली नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

टेलरकाका गेले.

काल दुपारी चारला, घरीच. हॉलच्या शिपायाचा फोन आला. हार्ट अटॅक.

डावा हात. छाती. घाम. देवा. ती हालचाल नव्हतीच! माणूस दुखतंय म्हणून सांगत होता आणि मी म्हणत होते, अजून मोठी.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

चित्रीकरण आलं. अकरा वेळा बघितलं. काकांकडे बघवतं एक वेळ. माझा आवाज ऐकवत नाही. किती आनंदात आहे बाई ती!

उद्याचा वर्ग रद्द केला. पाय उचलत नाही.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

शेवटी मॅडमना फोन केला. रडून घेतलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “तू डॉक्टर नाहीस.” ते मलाही माहीत आहे. “प्रत्येक हालचालीत आजार शोधायला लागलो तर खुर्चीवरून कुणी बोटसुद्धा हलवणार नाही.” हेही खरं. पण काकांच्या मागे काकू घरी एकट्या आहेत, हे त्याहून खरं.

सोमवारपर्यंत आत्मपरीक्षण लिहून पाठवायचंय, चित्रीकरणासोबत. काय लिहू? जिन्यावरचं मॅडमना आजही सांगितलं नाही. त्याचा इथे काय संबंध?

शनिवार, २१ फेब्रुवारी

काकूंकडे जाऊन आले. तीनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले होते, चौथ्यांदा बेल वाजवली.

एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीशी मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला शर्ट तसाच. कात्री खिळ्याला. काकू लहानखुऱ्या, गुडघ्यांनी अधू, म्हणून कधी वर्गाला आल्या नाहीत. त्यांनी चहा टाकला. मी म्हटलं, “काकू, बसा आधी. मला सांगायचंय.” आणि सगळं सांगून टाकलं. काकांना कळ येत होती आणि मला तो नाच वाटला. सगळ्यांकडून करवून घेतला मी.

काकू गोंधळल्या. “कुठली हालचाल? करून दाखव बघू.”

करून दाखवली. खांदा, दंड, मनगट, छाती.

काकू चक्क हसल्या! डोळ्यात पाणी, आणि हसतायत. “अगं वेडाबाई, हे माप आहे! खांदा, बाही, मनगट, छाती. शर्टाचं माप असंच घेतात. तीन दिवस आरशासमोर उभे राहून बसवत होते. म्हणायचे, माझ्याकडे दुसरं आहे काय द्यायला? आणि घरी आल्या आल्या मला सांगितलं – आज अख्ख्या वर्गाने माझ्याबरोबर मापं घेतली, एकानेही बाही चुकवली नाही!”

मी तिथेच भोकाड पसरलं. सांत्वनाला गेले मी, आणि पाणी आणून दिलं काकूंनी. त्या आणखी काही सांगणार होत्या, तेवढ्यात त्यांच्या माहेरची माणसं आली आणि मी निघाले. जिना उतरताना छातीवरून मोठं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. काका गेले ते गेलेच. पण माझ्या डोळ्यांदेखत हाका मारत नव्हते.

रविवार, २२ फेब्रुवारी

झोप लागली. दहा दिवसांनी.

आत्मपरीक्षण लिहून पाठवलं. शेवटचं वाक्य – ‘मी मागितलं नाही, त्यांनी जे दिलं ते स्वतःसाठी दिलं.’ लिहिताना पेन जरा अडखळलं. पण वाक्य चांगलं होतं, राहू दिलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

प्रमाणपत्र मिळालं! मॅडमनी शेजारी हाताने लिहिलंय, ‘थांबता येणं हीच कला.’ आई चष्मा लावून दोनदा वाचत होती. मग म्हणाली, “फ्रेम करून घे.” आईच्या तोंडून हे म्हणजे खूपच झालं.

बुधवार, ४ मार्च

आज काकू आल्या. दोन मजले, पायरी पायरीवर थांबत. काकांच्या खुर्चीवर बसल्या. मी वाकून विचारपूस करायला गेले तर त्यांनीच माझा हात धरला.

“पास झालीस ना गं?”

“हो, काकू.”

“बरं झालं बाई. त्यांचं सार्थक झालं. त्या दिवशी सकाळपासूनच छातीत दुखत होतं त्यांच्या. मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे चला. तर म्हणाले, संध्याकाळी जाऊ. आज मी गेलो नाही तर ती पोर नापास होईल.”

किती अभिमानाने सांगत होत्या.

फेरी सुरू झाली. शिक्के झाले, आळस झाला. कुणी हसलं. माझी पाळी आली. सगळे माझ्याकडे बघत होते, हात तयार ठेवून.

मी “पुढे” म्हणाले.