बांधाखालचं घर

९ जुलै, मंगळवार

खोटं बोललो. तोंडावर, डोळ्यांत डोळे घालून खोटं बोललो. आणि वर त्या माणसाला बर्फ घालून गोड चहा पाजला!

राज्याच्या धरणखात्याचा माणूस आला होता सकाळी. टिलरी नावाचा. पोरगेलासा, फार अदबशीर, दर वाक्याला सर. आमच्यासारख्यांच्या खाजगी बांधांची पाच वर्षांनी एकदा पाहणी करतात. सांडवा बघितला. उतारावरचे पाइन बघून म्हणाला, "हे काढा सर, मुळं बांध पोखरतात." म्हटलं, काढतो. मग बांधाच्या माथ्यावर उभा राहून त्याने खाली बघितलं. खाली ताईचं पत्र्याचं घर.

"तिथं कोण राहतं?"

"कुणी नाही. सामान ठेवतो मी."

"दोरीवर कपडे आहेत, सर."

"माझेच."

त्यात ताईचा गुलाबी झगा फडकत होता! पोराने झग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बायकोचा," मी म्हणालो. "खाली ऊन चांगलं लागतं." त्याने लिहून घेतलं.

अडुसष्ट वर्षांचा घोडा झालोय मी.

१० जुलै, बुधवार

का बोललो ते तरी लिहून ठेवतो. बांधाखाली कुणी राहत नसेल तर बांध साधा. गवत कापा आणि गप्प बसा. पण खाली एक जरी माणूस राहत असेल, तर बांध धोक्याच्या यादीत. मग इंजिनिअर, नकाशे, नवा काँक्रीटचा सांडवा — आणि ते झेपत नसेल तर बांध फोडून तळं रिकामं करा.

नऊ एकरांचं तळं. बाबांनी एका हिवाळ्यात उसना बुलडोझर आणून स्वतः बांध घातला. ना शेताला पाणी, ना गुरांना. नुसतं मासे धरायला आणि डुंबायला! अख्खा गाव हसला होता. आता त्याच गावाच्या चर्चचे बाप्तिस्मे इथे होतात. माझी नातवंडं इथे पोहायला शिकली. हे तळं फोडायचं?

आणि ताईला तिथं ठेवलं कुणी? मीच. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, राहतं घर सोडावं लागलं, तेव्हा हे चाकांवरचं घर मी ओढून आणलं. नडीन म्हणाली, "तळ्याकाठी तो डबा नको हं! माणसं येतात-जातात." मी लगेच मान डोलावली. बायकोच्या नावावर कशाला ढकलू — मलाही तो डबा डोळ्यांसमोर नकोच होता. म्हणून व्हरांड्यातून दिसणार नाही अशा जागी, बांधाच्या पायथ्याशी. ताई म्हणाली, "सावली छान आहे रे इथं."

आई गेली तेव्हा मी सहाचा, ताई चौदाची. माझ्यासाठी शाळा सोडली तिने. पुरे आज.

१४ जुलै, रविवार

उपाय सोपा आहे! घर वर आणायचं. ट्रॅक्टर लावला की अर्ध्या दिवसाचं काम. नडीनचं बघू नंतर. चर्चहून आल्यावर सरळ खाली गेलो. ताई पायरीवर बसून पीच सोलत होती.

"ताई, तुझं घर वर नेऊ या."

"का रे?"

एवढंच. का रे. काय सांगू? मंगळवारी तू नाहीसच असं सरकारला सांगितलं, म्हणून? म्हणालो, "वर वारा चांगला येतो." ती हसली. "राहू दे. इथं बरं आहे मला. आणि नडीनच्या पाहुण्यांना हा डबा कशाला दाखवायचा? घे, पीच खा."

दोन खाल्ले. निर्लज्जासारखे.

१६ जुलै

बीपी १६८. नडीन म्हणते मीठ कमी कर. मीठ!

२५ जुलै, गुरुवार

ताईचं काहीतरी बिनसलंय. दोन आठवडे दोरीवर एक कपडा नाही. पायऱ्यांवरच्या कुंड्या उचलून आत नेल्यात. गाडी हल्ली झाडांमागे लावते. विचारलं तर म्हणाली, "कपडे आत वाळतात रे, पंखा आहे ना." आणि कुंड्या? "पाणी घालायचा कंटाळा येतो."

कंटाळा! ताईला!

नडीन म्हणाली, "पंचाहत्तरी उलटली की होतं असं." मी हो म्हटलं. हो म्हणणं सोपं असतं.

३ ऑगस्ट, शनिवार

चर्चची माणसं आली होती, पन्नासेक. दोन मुलींचा बाप्तिस्मा, मग तळलेले मासे, उकडलेल्या शेंगा. ताई दुपारभर कढईपुढे उभी राहून मक्याच्या पिठाची भजी तळत होती. आमचे पाळक कॉय सगळ्यांसमोर म्हणाले, "लॅमार, हे तळं म्हणजे गावावर उपकार आहेत तुझे!" टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्याने ताईने वाजवल्या.

मग एक बाई, गावात नवीनच आलेली, ताईला म्हणाली, "भजी फक्कड झालीत हो! राहता कुठे तुम्ही?"

ताईने आधी माझ्याकडे बघितलं. परवानगी विचारावी तसं. मग त्या बाईला म्हणाली, "इथंच, आसपास."

हातातला घास हातातच राहिला. ऐकलं होतं तिने. त्या मंगळवारी तिची गाडी गॅरेजात होती — ती घरातच होती! खिडक्या उघड्या. बांधावर बोललेलं खाली जसंच्या तसं ऐकू येतं, लहानपणी आम्ही तोच खेळ खेळायचो. दोरी, कुंड्या, गाडी — माझं खोटं खरं दिसावं म्हणून बिचारी स्वतःला पुसत चाललीय.

भजी संपल्यावर कढईही तिनेच घासली. मी बोलायला म्हणून दोनदा जवळ गेलो. दोनदा परत आलो.

४ ऑगस्ट

आज नक्की सांगायचं.

नाही सांगितलं.

८ ऑगस्ट, गुरुवार

मंगळवारपासून पाऊस थांबलेला नाही. समुद्राकडून वादळ आलंय. दुपारी बांधावर गेलो, तर पाणी माथ्याच्या खाली जेमतेम वीतभर. सांडवा दुथडी भरून वाहतोय. आणि पायथ्याशी पाझर — गढूळ! स्वच्छ पाझर चालतो. गढूळ म्हणजे बांध आतून धुपतोय.

घसरत, पडत खाली पळालो. दार बडवलं. "ताई! ए ताई!" कुलूप. खिडकीतून बघितलं, तर पलंग आवरलेला, गाडी नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत सापडली. बाकावर उशी, पांघरूण, विणकाम. जणू आगगाडीची वाट बघतेय. मला बघून आधी घाबरली. "बांध?"

"आहे अजून," म्हटलं. "तू इथं काय करतेस?"

तिने शेजारी उभ्या पाळकांकडे बघितलं. "छप्पर गळतं रे माझं."

एप्रिलमध्ये मी स्वतः ते छप्पर डांबर लावून पक्कं केलंय. थेंब येत नाही आत.

पाळक म्हणाले, "जुलैपासून पाऊस लागला की इकडेच येतेस की नाही, वायनेल? मी म्हटलं लॅमारला सांगतो, तर नको म्हणालीस. त्याला बीपी आहे म्हणे."

तेव्हा तरी तोंड उघडायचं! समोर देवाचा माणूस, समोर ताई. आणि मी काय बोललो? "हो, गळतं छप्पर. करतो मी दुरुस्त." ताईने खाली मान घालून विणकाम पुढे चालू केलं. माझी लाज वाचली म्हणून तिला बरं वाटलं असणार. थू माझ्या जिनगानीवर.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस थांबला. बांध टिकला. तळाची मोरी पूर्ण उघडून दिली, तळं उतरतंय. नडीनला सगळं सांगितलं. मग टिलरीला फोन लावला.

"खाली माणूस राहतं," म्हटलं. "वायनेल बारफील्ड, वय शहात्तर. माझी सख्खी बहीण. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. मग म्हणाला, "सर, गेल्या महिन्यात एका आजींचा फोन आला होता. नाव सांगितलं नाही त्यांनी. विचारत होत्या, पाऊस लागला की जो माणूस घर सोडून दुसरीकडे झोपतो, त्याला मोजलं नाही तर चालतं का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही चालत म्हटलं, सर. तर म्हणाल्या, मग मी फोन केलाच नाही असं समज, बाळा."