दोन नाकांचं घर

तलवाडा, १२ ऑगस्ट २०२१

चि. सौ. सत्यशीलास आईचे अनेक आशीर्वाद.

इकडं खुशाल हाय. धारूरचं डोंगरावरचं वारं तुला मानवत असंल. फोन एकच, अन् तो तुझ्या अण्णांच्या खिशात, म्हणून कागद धरला. कोरोनातून उठल्यापासून मला कशाचाच वास येत न्हाई. फोडणी बसली का जळली, कळत न्हाई. मीठ-मसाला अंदाजानं टाकते. पण जन्मभर माझ्या आमटीला नावं ठेवणारे तुझे अण्णा आता मुकाट ताट पुसून खातेत. म्हंजी हाताला चव हाय अजून. त्यांना यातलं बोलू नको. त्याच कोरोनात माणूस बी मरणाच्या दारातून आलाय, उगं घोर लावून घ्यायचा.

लेकरांना मुके. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आई,
छबुबाई


तलवाडा, १९ ऑगस्ट २०२१

चि. सौ. सत्यशीला हिला अण्णांचे आशीर्वाद.

पत्रास कारण, फोनवर बोललो की तुझी आई कान लावून बसती. माझा रिपोर्ट कवाच निगेटिव्ह आला, पण जिभंला तो कुणी दाखवला न्हाई असं दिसतं. पिठलं काय अन् माती काय, सारखंच. वासाचं तर नावच काढू नको. एसटीत कंडक्टर होतो तवा दिवसभर उभा राहायचो. आता वेशीपर्यंत गेलं की दम लागतो. तुझ्या आईला हे कळू देऊ नको. आजारातून उठून ती रांधती, तिला वाटंल सैपाकातच खोट हाय. ती चव बघूनच वाढती, तिच्या जिभंवर माझा भरोसा हाय.

जावईबापूंना रामराम. लोभ हाय त्यात वाढ व्हावी.

तुझे अण्णा,
बद्रीनाथ


धारूर, ४ ऑक्टोबर २०२१

ती. अण्णा व ती. सौ. आई यांना सत्यशीलाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र दोघांनी शेजारी बसून वाचायचं. अण्णांनी मोठ्यानं वाचावं, आईनं मधे उठू नये.

शेजारच्या जानकीकाकूंचा फोन आला होता. त्या विरजण मागायला आल्या तेव्हा घरभर गॅसचा वास कोंडला होता. तुम्ही दोघं शेगडीजवळ शेंगा फोडत बसला होतात, आणि अण्णांच्या हातात काडेपेटी होती. काकूंनी ती हिसकावली, सिलिंडर बंद केला, दारं उघडली. त्यावर अण्णांनी त्यांना, चहा घेता का, असं विचारलं म्हणे.

आई, अण्णांना वास येत नाही. अण्णा, आईला वास येत नाही. तुम्ही एकमेकांच्या नाकावर विसंबून बसलात, आणि त्या घरात चालतं नाक एकही नाही. सांगू नको म्हणून तुम्ही दोघांनीही लिहिलं होतं, ते मी दोघांचंही मोडलं आहे. गॅसची नळी आजच बदला. गेवराईला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा, अण्णांचा दमही दाखवा. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजारानं सगळं सोडलं असं नसतं.

रागवायचं असेल तर फोनवर रागवा. मला तुम्ही दोघंही हवे आहात.

तुमची,
सत्यशीला


तलवाडा, ३० नोव्हेंबर २०२१

चि. सौ. सत्यशीलास आईचे आशीर्वाद.

रागावलो न्हाई. पत्र वाचून तुझ्या अण्णांनी कागदाची घडी घातली. मग इचारलं, इतके दिवस सैपाक कसा होत असंल. मी म्हणलं, देवाला ठावं. दोघांना हसू फुटलं. हसता हसता त्यांना खोकला आला अन् मला रडू.

डॉक्टर म्हणले, ह्या आजारानं नाकात वास कळायच्या जागंला इजा होती. पुष्कळांना वास परत येतो, कुणाला वरीस लागतं, कुणाला पुरता येतच न्हाई. अण्णांच्या छातीचा फोटो काढला, रोज थोडं थोडं चालायला सांगितलं. अन् दोघांना सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी हुंगायचा सराव दिला. आमी ओट्यावर डोळे मिटून हुंगत बसतो. गल्लीत बोभाटा झाला की बद्रीनाथनं पंथ घेतला. दोन बाया पाया पडून गेल्या.

पंधरा दिसांमागं त्यांना लिंबाचा वास आला. मला न्हाई. मला बी आला असं म्हणणार होते, पण आता खोटं बंद केलंय. तवापासून ते घरभर हिंडून मला वास सांगतेत. दूध बरं हाय. भाकर करपायली. जानकीकडं मेथी शिजती. काल सांजच्याला माझ्या पदराशी नाक आणून म्हणले, कांदा, लसूण, अन् तू. मी म्हणलं, वयाची तरी लाज धरा. मग मीच दार लोटून इचारलं, माझा वास कसा हाय.

ते लई वेळ सांगत बसले.

तुझी आई,
छबुबाई