खिशातला कागद

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

नेव्हीच्या कोटाला कसर लागली! पाठीवर चार भोकं. सर्जेरावाने, आमच्या हर्सूलच्या कॉलनीच्या सेक्रेटरीने, ४ डिसेंबरला नौदल दिनाला माझा सत्कार ठेवलाय. मला न विचारता! बॅनरसुद्धा छापून झाला: ‘पाणबुडीतील वीर’. अरे, मी पाणबुडीत कधी बसलोच नाही. मी पाणबुड्या, बुडी मारून खाली जाणारा. पण सर्जेरावाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

नवा कोट घेतो म्हणालो, तर अंबिका म्हणते, “नव्यात तुम्ही वऱ्हाडी दिसताल. औरंगपुऱ्यात रफूवाला हाय, तिथं न्या.” पंचावन्न वर्षांत बाईने माझं एकदा तरी ऐकलंय का!

गुरुवार, २० नोव्हेंबर

रफूवाल्याकडे गेलो. तो खाली मान घालून काम करत होता. मागे स्टुलावर त्याची मावशी. कोटाच्या बटणावरच्या नांगरावर तिने बोट ठेवलं.

“समुंदर में थे क्या भाई?”

हो म्हणालो.

“मेरा भाई बी था. उधर का.”

बिल्किस आपा. ब्याऐंशी वर्षांची. धाकटा भाऊ मुनीर चौसष्ट साली काकाकडे कराचीला गेला, तिथल्या नेव्हीत लागला. एकाहत्तरला आपल्या पूर्व किनाऱ्याबाहेर त्यांची जी पाणबुडी बुडाली, तिच्यात होता. सगळे गेले. चिठ्ठी आली, मय्यत नाही. इथे रडायची चोरी. शत्रूच्या माणसासाठी कसं रडायचं? “अम्मा नल खोल के रोती थी,” म्हणाली. मुनीर गेला त्या दिवशी आपा रुसून बसलेली. त्याच्याशी बोललीच नाही, स्टेशनवरही गेली नाही.

मग एकदम विचारलं, “तुम पानी के आदमी. सच बोलो, उनो डरा होएंगा क्या?”

कोट तिथेच टाकून निघालो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही. अंबिकाला सांगितलं, पित्त झालंय.

रविवार, २३ नोव्हेंबर

चोपन्न वर्षांत जे अंबिकाला सांगितलं नाही ते इथे लिहितो.

त्या पाणबुडीवर मी उतरलो होतो. विसाव्या वर्षी. मेंढपाळाचं पोर, कन्नडजवळच्या गावातलं, समुद्र कशाला बघितलाय! पण विहिरीत घागर पडली की मलाच उतरवायचे. माणूस पडला तरी मलाच. दोन काढले होते तेव्हापर्यंत. दोघांची नावं माहीत होती, एकाच्या तर लग्नात जेवलो होतो.

तिथे खाली काही दिसत नव्हतं. चाचपत गेलो. पाणबुडीच्या झाकणाजवळ हाताला हात लागला. बाहेर यायला निघाला असेल बिचारा! त्याला वर आणला. माझ्याएवढाच. मिसरूड. बिल्ला नव्हता, नाव नव्हतं. शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद.

साहेब केरळचे, बाकीचे आंध्रातले. साहेब मला म्हणाले, “तुम निजामवाला है ना? उर्दू आता है?” आजोबा निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांनी मला अक्षरं गिरवून घेतली होती. “येस सर!” म्हणालो. केवढी ऐट!

वाचून दाखवलं. साहेब म्हणाले, कामाचं काही नाही. कागद फाइलीत गेला. त्या पोराला आमच्याच लोकांनी सलामी देऊन पाण्यात सोडलं. मी पण सलाम केला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पत्र अजून पाठ आहे. लिहूनच ठेवतो.

‘अम्मी, मी बरा आहे. जेवण मिळतं पण तुझ्या हातची चव नाही. इथे दिवस कधी उगवतो कळत नाही. बकरी व्यायली का? पाठीवर फार ओझं वाहू नको. भीती वाटते का विचारशील. वाटते. पण सगळ्यांनाच वाटते, म्हणून एकट्याला कमी वाटते. आलो की आधी पोटभर जेवेन, मग दोन दिवस झोपेन. उठवू नको.’

एवढंच. आपाला सांगावं का? तो मुनीर होता कशावरून? इतक्या जणांतला कोणीही असेल. आणि न सांगावं, तर ती आणखी किती वर्षं विचारत बसणार? मी तरी किती वर्षं आहे?

शनिवार, २९ नोव्हेंबर

गेलो. सांगितलं.

तो मुनीरच होता असं मी म्हणालो नाही. ती तसं समजली, मी ‘नाही’ म्हणालो नाही. तिच्याच बोलीत पत्र म्हणून दाखवलं. ‘बकरी’ आल्यावर म्हणाली, “हमारे घर में बकरी कां थी? चाचा पाले होएंगे.” ‘डर लगता’ म्हटल्यावर पदर तोंडाशी घेतला. रफूवाल्याची सुई थांबली.

एक वाक्य मी पदरचं घातलं: ‘आपा से बोलो, मैं गुस्सा नई हूं.’ पाप लागेल तर लागो.

बाई खूप रडल्या. मोठ्याने, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मग तोंड धुऊन आल्या, मला चहा पाजला. म्हणाल्या, “लिख के देव भाई. कफन में साथ ले जातूं.”

सोमवार, १ डिसेंबर

कोट आणला. भोकं कुठे होती ते शोधून सापडत नाही. आपा विचारतात, लिहिलं का?

गुरुवार, ४ डिसेंबर

सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. सर्जेराव माइकवर ओरडला, “आता आजोबा सांगतील, दुश्मनाला कसं बुडवलं!”

मी म्हणालो, मी कुणाला बुडवलं नाही. मी एकाला वर काढलं. पाण्यात गेलेल्या सगळ्यांसाठी, आपल्या आणि त्यांच्या, एक मिनिट उभे राहा.

निम्मे राहिले. सर्जेराव माझ्या कानात, “त्यांच्यासाठी बी व्हय? लई झालं आजोबा, बसा आता.” मी बसलो नाही. अंबिका पहिल्या रांगेत शेवटपर्यंत उभी होती.

घरी येताना तिने विचारलं, “कुणाला काढलं होतं?” सांगितलं. ती म्हणाली, “मग ते पत्र त्या बाईला लिहून द्या की. अडलंय कुठं?”

शुक्रवार, ५ डिसेंबर

सकाळपासून तीन कोरे कागद घेऊन बसलोय. हात चालत नाही.

वही, तुझ्याशीही खोटं बोललो. खिशात कागद होता, हे खरं. पण त्यावर एक अक्षर उरलं नव्हतं, पाण्याने सगळी शाई धुऊन नेली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेब म्हणाले, “पढो.” मी त्या आठवड्यात माझ्या मायला जे लिहिणार होतो, ते वाचलं.

त्या पोराने काय लिहिलं होतं, कुणालाच माहीत नाही.