पाच सेकंद गप्प

४ ऑगस्ट
परत नाव नोंदवलं! इंग्रजी शिकवण्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा, दुसऱ्यांदा. मागच्या खेपेला लेखीत पास झाले, प्रात्यक्षिकात आपटले. परीक्षकांचा शेरा पाठ झालाय — ‘शिक्षिका फार बोलते.’ वीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेली बाई बोलणार नाही तर काय करणार? ह्यांना मात्र शेरा फार आवडला. इतक्या वर्षांनी कुणीतरी लेखी दिलं, म्हणाले.

ती खिडकी बंद होऊन दोन वर्षं झाली. कामगारांच्या सायंवर्गावर एक जागा आहे. प्रमाणपत्र आणलं तर ऑक्टोबरपासून माझी, नाहीतर दुसऱ्या कुणाची. पुन्हा घरी बसणं नको. खरंच नको.

७ ऑगस्ट
तयारी करून घ्यायला बाई मिळाल्या. त्याच सायंवर्गाच्या शाळेत अठरा वर्षं शिकवतात आणि दुपारी रिकाम्या वर्गात आमच्यासारख्यांना वळण लावतात. समोर विद्यार्थी खरेखुरे — इस्त्रीवाले काका, एक टॅक्सीवाला, दवाखान्यातली एक आया. शिकवायचं मी, बाई मागच्या बाकावर. मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवतात आणि माझं बोलणं मोजतात. मी नावच ठेवलंय — घड्याळबाई.

आज चाळीस मिनिटांतली एकतीस मीच बोलले!

८ ऑगस्ट
‘समजलं का?’ हा प्रश्न वर्गात बंद. कुठल्याच भाषेत विचारायचा नाही. बाई म्हणाल्या, “त्याला सगळेच हो म्हणतात. न समजलेले सगळ्यांत आधी.” त्यापेक्षा काहीतरी करायला सांगायचं आणि बघायचं. प्रश्न विचारला की मनात पाच मोजायचे — तोंड बंद!

मी तीनवर उत्तर देऊन मोकळी.

१३ ऑगस्ट
आज बाईंनी स्वतः शिकवलं, मी मागच्या बाकावर. हातात फक्त एक छत्री. टेबलावर ठेवली, टेबलाखाली ठेवली, मग आयाच्या मागे धरली, भुवई उंचावली — आणि थांबल्या. खोलीत इतकं शांत झालं की मलाच ओरडून सांगावंसं वाटलं. तोंडावर हात दाबून बसले. इस्त्रीवाले काका घुटमळले, कान लाल झाले, आणि मग हळूच — “अंब्रेला... बिहाइंड... सिस्टर.” बाई शाबास म्हणाल्या नाहीत. छत्री उचलून काकांच्या हातात दिली. आता पुढचा प्रश्न त्यांनी विचारायचा! काका छत्री घेऊन असे उभे राहिले, जसं काही बक्षीसच मिळालंय.

अख्ख्या तासात बाई नऊ मिनिटं बोलल्या. भिंतीवरच्या घड्याळात बघून मी मोजलं. अशी थांबणारी माणसं मला फार कमी भेटली. आईसुद्धा माझं वाक्य स्वतःच पुरं करायची.

२० ऑगस्ट
बाईंची वही बघितली. मला वाटलं चुकांची यादी असेल. चुका नाहीतच! प्रत्येकाच्या नावापुढे त्याने आपणहून बोललेलं पहिलं इंग्रजी वाक्य आणि तारीख. अठरा वर्षांची वाक्यं. ‘आय आयर्न शर्ट्स’ हे काकांचं. किती जीव लावावा माणसाने!

२२ ऑगस्ट
एकोणीस मिनिटं.

२९ ऑगस्ट
घरीही पाच मोजते. लेकीला विचारलं, कॉलेज कसं चाललंय. “ठीक.” एरवी मी लगेच पुढचं सुरू केलं असतं. आज गप्प राहिले. पाच, सहा, सात... आणि ती अर्धा तास बोलली. तिला विषय बदलायचाय, गेल्या वर्षापासून! मला पत्ताच नाही. हे म्हणाले, त्या बाईंना एकदा जेवायला बोलव.

६ सप्टेंबर
बाईंनी माझी लेखीची टिपणं मागून नेली. “जरा नजर टाकते.” अक्षर बरं काढायला हवं होतं.

आज अकरा मिनिटं!

१२ सप्टेंबर
परीक्षा झाली.

बाहेर बाई उभ्या दिसल्या. वाटलं, धीर द्यायला आल्या. तर छातीवर परीक्षार्थीचा बिल्ला, नंबर माझ्या आधीचा! त्यांचं जुनं प्रमाणपत्र यंदापासून चालत नाही म्हणे. पुन्हा परीक्षा द्यायची, नाहीतर वर्गावर जायचं नाही. महिनाभर चकार शब्द काढला नाही. “तुमचं लक्ष उडालं असतं,” एवढंच म्हणाल्या.

पुढच्या नंबरवाल्याला आधीच आत बसवतात, म्हणून त्यांचा पाठ मी मागे बसून पाहिला. समोर अनोळखी विद्यार्थी, बाजूला तीन परीक्षक. बाईंच्या हातात तीच छत्री. प्रश्न विचारला, आणि दोनच्या आत उत्तर स्वतःच देऊन टाकलं. पुन्हा तेच. मग भराभर समजावत सुटल्या, आणि शेवटी तोच प्रश्न — “अंडरस्टँड?”

सगळे हो म्हणाले.

मग माझा नंबर. घसा इतका कोरडा पडला होता की गप्प राहणं सोपं गेलं. पाच मोजले, दर वेळी. पण डोळ्यांसमोर ती छत्रीच.

२६ सप्टेंबर
निकाल. मी पास! जागा माझी.

बाई प्रात्यक्षिकात नापास. फळ्यावर सगळ्यांचे शेरे लावले होते. त्यांच्यापुढे — ‘शिक्षिका फार बोलते.’

ह्यांनी पेढे... नको म्हटलं. ज्यांनी मला गप्प राहायला शिकवलं, त्यांच्यापुढे हा शेरा! लिहिणाऱ्याला ती वही नेऊन दाखवावीशी वाटली. बाईंकडे जायला पाय उचलला नाही. काय तोंडाने जाऊ?

२७ सप्टेंबर
सकाळी बाईच घरी आल्या. मी तोंड उघडणार तोच हात वर केला. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवलं.

“जानेवारीत परत बसतेय. उद्या दुपारी मी शिकवते. तुम्ही मागच्या बाकावर.”

पाच मोजायचे होते. दोनवरच हो म्हटलं.