अप्पांच्या वाटणीचं गोड

२ ऑगस्ट १९७६
अप्पांना मधुमेह. चिंचवडच्या डॉक्टरांनी समजावलं: जेवणातली साखर रक्तात येते, मग स्वादुपिंडातून इन्सुलिन निघतं आणि पेशींना ती साखर आत घ्यायला लावतं. अप्पांच्या पेशी आता त्याला दाद देत नाहीत. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं, पेशी आणखी बहिऱ्या होतात, शेवटी स्वादुपिंड थकतं. पथ्य मोडलं तर रोज सुई. अप्पा कंपनीत प्रेस मशीन चालवतात, पण सुईला घाबरतात. त्यांना वाचवायचं काम मी घेतलं. आईला जमणार नाही. ती प्रेमळ आहे.

९ ऑगस्ट
लघवी तपासायचं निळं औषध आणलं. त्यात थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं की साखर फार. आज हिरवं. अप्पांना शिफ्टला निघताना पथ्य सांगितलं. जेवताना सांगितलं. झोपताना सांगितलं. आताशा नुसतं हूं म्हणतात. उद्यापासून मोठ्याने सांगेन.

३० ऑगस्ट
गणपतीचे मोदक. अप्पांच्या पानातले उचलले. टाकवेनात. शाळेआधी आजोबांनी घरीच शिकवलं, त्यातला पहिला धडा अन्न टाकू नये हाच. खाल्ले.

४ ऑक्टोबर
खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा, प्रत्येकाला पेढ्यांचा पुडा. अप्पांनी दारातच हातात दिला. म्हणाले, घ्या इन्स्पेक्टरसाहेब. प्रसाद नाकारू कसा? संपवला. माझा त्याग घरात कुणाला दिसत नाही. ब्लाउज उसवला. शिंपी हल्ली कापड चोरतो.

२६ ऑक्टोबर
दिवाळीचा फराळही मीच अडवला. शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, अंगानं भरलीस गं कुसुम. म्हटलं, काळजीची सूज आहे. अप्पांचं मात्र रोज निळं. त्यांचे मित्र किसनराव सांगतात, कँटीनमध्ये बिनसाखरेचा चहा पितात. मित्र असंच सांगणार. औषधच बिघडलं असावं. खात्रीसाठी उद्या निरोगी माणसाची लघवी तपासायची. म्हणजे माझी.

२७ ऑक्टोबर
विटकरी. नळी घासून पुन्हा. विटकरी. औषध नक्कीच बिघडलंय. अप्पांचं त्याच औषधात निळं आलं, ते कसं कोण जाणे.

८ नोव्हेंबर
डॉक्टरांनी माझं रक्तही तपासलं. मधुमेहच. म्हणाले, घराण्यात होताच, त्यात वजन वाढवलंस. इन्सुलिन असेल भरपूर, पेशी ऐकत नाहीत.
घरी येताना निगडीच्या बसमध्ये अप्पांनी हळूच विचारलं, खरं सांग, पेढे आवडत होते ना?
मी हो म्हटलं.
म्हणाले, मलाही.