रेघेवर तुम्ही कुठे?

१४ जानेवारी १९५७
आजपासून नियमित लिहिणार. अहेरीहून बैलगाडीने पोहोचले. गावाच्या या टोकाला फॉरेस्टचा बंगला, त्याची मागची खोली माझी. दुसऱ्या टोकाला नदी. काम: माणसाचं समाधान मोजणे. मोजपट्टी टिकली तर नागपूरला विद्यापीठात सरांच्या विभागात असिस्टंटची जागा. नाही टिकली तर होळीनंतर कुरखेड्याचे पाहुणे मला बघायला येणार. बाबांनी कबूल करून टाकलं आहे. टिकेल. घरातली पहिली बी.ए. आहे मी.

१६ जानेवारी
लोकांना वाचता येत नाही. म्हणून सुधारणा केली. दहा इंची रेघ. डाव्या टोकाला रिकामी घागर, उजव्या टोकाला भरलेली. रेघेवर कुठेही खूण करा. फॉरेस्ट गार्डची बायको शकुबाई गोंडीत समजावून सांगते. तिला 'समाधाना'साठी गोंडी शब्द विचारला. म्हणाली, "असं कोनी कोनाले पुसत नाई, बाई." मग तो शब्दच गाळला. आता एवढंच विचारायचं: या रेघेवर तुम्ही कुठे? प्रश्न फारच सुटसुटीत झाला.

१९ जानेवारी
अपेक्षेपेक्षा उत्तम. कोणी विचारात पडतच नाही. गावातल्या इसरूने विचारलं, भरली घागर म्हणजे नदी का? म्हटलं, तसंच समजा. (उपमा कळते त्यांना.) धुरपताने भरल्या घागरीपाशी खूण केली. तिचा नवरा सुकलू हसायला लागला. "तिथी तं आपला कोंबड्यायचा खुराडा हाय! तू काऊन तिथी राह्यतं?" तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि खूण केसभर सरकवली. दांपत्यातला मोकळेपणा, अशी नोंद केली.

२८ जानेवारी
फेरमोजणी. सरांचं मॉडेल: कोणतीही खूण म्हणजे खरा गुण अधिक चूक. माझ्याकडे चूक जवळजवळ नाहीच! सगळ्यांच्या खुणा जागच्या जागी. दोन्ही मोजण्यांचा सहसंबंध पॉइंट नाइन एट. शिवाय नवा शोध: नदीकडे जावं तसं घरागणिक समाधान वाढतं. सरांना कळवलं. पाहुण्यांना थांबवा, असं बाबांनाही कळवलं.

७ फेब्रुवारी
सुकलू तापाने गेला. धुरपता दारात बसली होती. पेन्सिल पिशवीत होती. काढली नाही.

११ फेब्रुवारी
काढली. संशोधनात असा प्रसंग पुन्हा येत नाही. धुरपताची खूण तिथेच, भरल्या घागरीपाशी. दोनदा मोजली. स्थितप्रज्ञता, अहवालात स्वतंत्र प्रकरण. मला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शास्त्राची शिस्त.

२५ फेब्रुवारी
धुरपताची खूण एकदम रिकाम्या घागरीकडे! सात इंच. म्हणजे दुःख उशिरा पोहोचतं. शकुबाईला सिद्धान्त सांगितला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दुःख कायचं? भावाकडं राह्याले आली ना ते. त्याचं घर इकडं, तुमच्या बंगल्याजवळ. तुमीच तं पुसता ना, कुठी राह्यता म्हणून. हे रेघ म्हंजे पान्याची वाट नाई का?"
एखादीचा गैरसमज होऊ शकतो.

२६ फेब्रुवारी
खुणा घेऊन नदीपर्यंत चालले. प्रत्येक खुणेवर घर आहे. खुराडाही आहे. नकाशा म्हणून काम अचूक झालं आहे. तसा पाठवता येईल का, विचार चालू. जेवले नाही. भूक नव्हती.

८ मार्च
सरांचं उत्तर आलं. आकडे फार चांगले आहेत, माणसांचे वाटत नाहीत. जागा दुसऱ्याला दिली. बाबांचंही आलं. पाहुणे ठरल्याप्रमाणे.
दोन्ही घडी घालून ठेवली. चहा केला.

१२ मार्च
उद्या गाडी. धुरपता पाण्याला जाताना खोलीशी थांबली. उरलेला एक कागद टेबलावर होता. तिने डोक्यावरची घागर खाली ठेवली, पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली. "साऱ्यायले पुसलं, बाई. तुमी कुठी, ते तं राह्यलंच."
मी डाव्या टोकाला टेकवली. रिकाम्या घागरीवरच.
तिने वाकून पाहिलं. "बराबर," म्हणाली आणि नदीकडे गेली.
बंगला तिथेच आहे.